पांढरीचा कौल

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याने राजगुरुनगर मागे टाकून खेडचा घाट चढून गेले, वाटेतले पेठ हे गाव ओलांडले आणि सातगाव पठाराचा बटाट्याचा मुलूख डाव्या-उजव्या हाताला पसरू लागला, की थोड्याच वेळात मंचर येते. अंतर पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटर. भीमाशंकराला जाणारी वाट घोडेगावावरून येथेच हमरस्त्याला मिळते, कांदा-बटाटा आणि तरकारी घेऊन आलेल्या गाड्या बाजार समितीच्या आवारात येथेच रिकाम्या होतात, आणि आसपासच्या वाड्यांतला रोगी उपजिल्हा रुग्णालयाच्या पायरीवर येथेच उतरतो. तालुक्याची कचेरी घोडेगावी असली आणि तालुक्याचे नाव आंबेगाव असले, तरी तालुक्याचे व्यवहार मंचरात होतात, हे त्या पंचक्रोशीतले शेंबडे पोरही सांगेल. अशा गावाचे एके दिवशी नगर होणे अपरिहार्यच होते, आणि तसे ते झालेही. मात्र गावाचे नगर होताना नेमके काय मिळाले आणि काय हातचे गेले, याचा हिशेब मांडायचा तर बराच मागे जाणे प्राप्त आहे.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेच्या परिभाषेत जमिनीचे दोनच वर्ण होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती आणि उकिरड्यांचे सार मिसळून वस्तीखालची भूमी पांढुरकी होते, यावरून हा शब्द आला असे म्हणतात. परंतु कागदोपत्री ‘पांढरी’ म्हणजे नुसती भूमी नव्हे, तीवर नांदणारा समस्त समुदायही. दुसरा शब्द कौल. मूळ अरबी ‘कौल’ म्हणजे वचन, शब्द. तो फारसी दप्तरातून मराठीत आला आणि येथे त्याने इतके संसार थाटले की त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. सरकार रयतेला अभयाचा कौल देते, भाविक देवाला कौल लावतो, मतदार निवडणुकीत कौल देतो. घरावर घालतात ते कौल मात्र निराळ्या घराण्यातले असावे, पण वस्तीविषयीच्या लेखात त्याचीही आठवण झाल्यावाचून राहत नाही. या कौलाची दिशा इतिहासात कशी फिरत गेली, प्रथम कोण कोणाला कौल देत असे आणि पुढे कोण कोणाला देऊ लागला, हाच या लेखाचा विषय आहे.

मंचर हे पूर्वी जुन्नर प्रांताच्या छायेत वाढलेले गाव, म्हणून आरंभ जुन्नरपासून करणे उचित. नाणेघाटाने कोकणातून वर येणाऱ्या मालाचे हे पहिले मोठे नगर सातवाहनांच्या काळी भरभराटीस होते, आणि सभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांच्या भिंतींवर त्या काळच्या नागरिकांनी आपापल्या देणग्यांची नोंद करून ठेवली आहे. त्या नोंदींत राजे थोडे आणि सामान्य गृहस्थ फार. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून सोपविल्याचे उल्लेख आहेत. आणि यवन म्हणविणाऱ्या परदेशस्थ दात्यांची नावेही आहेत. यावरून तेथे लोकसत्ता नांदत होती असे अनुमान काढणे हा निव्वळ भाबडेपणा ठरेल. तथापि पाण्याचे टाके कोठे असावे, ते कोणाच्या पैशाने व्हावे आणि त्याचा सांभाळ कोणी करावा, असल्या प्रश्नांत पेठेतला धान्यवाला आणि बुरूड यांचा हात होता, एवढे तर तो पाषाण सांगतोच. मंचरच्या जुन्या बारवेकडे पाहतानाही हाच विचार मनात येतो. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाणाऱ्या त्या वास्तूला नगररचनाकार ठाऊक नव्हता, पण पाणी सर्वांच्या हाताशी यावे याची अक्कल होती. ‘सर्वांच्या’ या शब्दात त्या काळी कोण येत नसे, हे सांगावयास नकोच.

निजामशाही, मोगलाई आणि पुढे मराठी राज्य या तिन्ही अमलांत नवी वस्ती वसविण्याची रीत जवळपास एकच होती. एखाद्या मोकळ्या माळावर पेठ वसवावी असे सरकारच्या मनात आले, की कोणी भारदस्त गृहस्थ पुढे होई, त्याला कौलनामा मिळे, आणि त्या कौलाच्या आधारे तो वाणी, उदमी, साळी, कोष्टी, कासार यांना बोलावून आणी. कौलात काय असे? अमुक वर्षे जकात माफ, अमुक वर्षे घरपट्टी माफ, आठवड्याचा बाजार अमुक वारी, आणि पेठेचा कारभार पाहण्यास शेटे व महाजन ही वतने. पुण्याच्या पेठा याच रीतीने भरल्या. तेथल्या कित्येक पेठांनी आपली मोगली वा त्याहून जुनी नावे टाकून वारांची नावे धारण केली, आणि जुन्नरातही बुधवार पेठ, कल्याण पेठ अशी नावे अद्याप ऐकू येतात. या व्यवहारातले मर्म असे की, येणाऱ्याला न येण्याची मुभा होती. कौल पटला नाही तर साळी आपला माग उचलून दुसऱ्या पेठेत जाई, आणि ओस पेठेचा सरकारला उपयोग काहीच नसे. म्हणून दिवाणाला आर्जव करावे लागे. रयतेच्या संमतीचे मोल तेव्हा तत्त्वज्ञानाने ठरलेले नव्हते, माणसांच्या दुर्मिळतेने ठरलेले होते. ज्या दिवशी माणसे मुबलक आणि जमीन दुर्मिळ झाली, त्या दिवशी हे आर्जव संपले.

वसलेल्या गावात तंटा उपस्थित झाला, शिवेचा असो, वतनाचा असो वा वाटेचा, तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी, शेटे-महाजन यांच्या खालोखाल बलुतेदार आपापली निशाणी करीत: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. अक्षरशत्रू माणसालाही आपल्या धंद्याचे हत्यार काढून कागदावर उपस्थित राहता येई, ही सोय पुढच्या कोणत्याही कायद्याने दिली नाही. शिवेच्या वादात कोणी साक्षीदार डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन सीमा चालून दाखवी, आणि ती त्याची चाल हाच नकाशा होई. आता, या गोतसभांची आरती ओवाळणारे जे लेखक आपल्याकडे होऊन गेले, त्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. त्या सभेत बाईला स्थान नव्हते. अस्पृश्य मानलेला वतनदार शिवेची साक्ष देई, पण बसे मात्र सभेच्या कडेला. आणि वजनदार घराण्याच्या विरुद्ध निशाणी करण्याची हिंमत कितीजणांना होई, हे महजरात लिहिलेले नसते. तरीही एक गोष्ट त्या कागदांतून निःसंशय दिसते. निर्णय होण्यापूर्वी माणसे जमत, झाल्यावर नव्हे.

इंग्रजी अंमल आल्यावर मोजणी आली. काळीचा इंच न् इंच साखळीने मोजला गेला, तिला नंबर मिळाले, आकार मिळाला. पांढरीभोवती मात्र एक रेघ ओढून तिला गावठाण असे नाव दिले गेले आणि सारा नसल्यामुळे तिच्या पोटात फारसे डोकावण्याची गरज कोणाला भासली नाही. नगरांसाठी १८५० साली २६ वा कायदा झाला, आणि त्यात एक विलक्षण अट होती: ज्या गावच्या रहिवाशांना नगरसमिती हवी असेल, त्यांनी मागितल्यावरच ती स्थापन व्हावी. हा कौल उलट दिशेने जाणारा होता. रयतेने मागावे आणि सरकारने द्यावे. प्रत्यक्षात कलेक्टराच्या मर्जीवाचून फारसे काही घडत नसे, आणि सभासद बहुधा सरकारनियुक्त असत. पुढे लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ चा मुंबई इलाख्याचा कायदा आला, आणि निवडून आलेले सभासद दिसू लागले.

या सरकारनियुक्तांच्या काळातच पुण्यात नगराच्या खर्चावरून एक मतभेद झाला, तो येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याची तजवीज निघाली, तेव्हा सर्व सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शुक्रवार पेठेत भव्य मंडई उठविण्याचा बेत निघाला, तेव्हाही त्यांनी त्याच न्यायाने विरोध केला. मंडई व्हायची ती झालीच. १८८६ साली ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली, आणि कालांतराने तीच इमारत महात्मा फुले मंडई झाली. ज्याने हरकत घेतली त्याचेच नाव वास्तूला देण्याची ही पुणेरी तऱ्हा पाहून हसावे की नमस्कार करावा, हे मला आजवर ठरविता आलेले नाही. जुन्नर-आंबेगावचा माळवेवाला त्या दगडी कमानींखाली पाट्या उतरवीत असताना या वादाची कुणकूण त्याला असण्याचे कारण नव्हते. आणि मंडईचा उपयोग ज्यांना सर्वांत अधिक, त्यांना ती कशी हवी हे कोणी विचारलेही नव्हते.

त्यानंतर प्लेग आला. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात. घरझडतीच्या त्या दिवसांत राज्यकर्त्यांनी शहराकडे रोगाचे आगर म्हणून पाहिले, आणि रयतेने राज्यकर्त्यांकडे घरात शिरणारा परका म्हणून. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीचा इतिहास सर्वश्रुत आहे. मुंबईत १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला. त्याचा कारभार ज्या विश्वस्तांकडे होता, त्यांत नगराने निवडलेले थोडे आणि सरकारच्या व निरनिराळ्या संस्थांच्या वतीने आलेले अधिक होते. न्यासाने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या आखीव वसाहती केल्या. आरोग्याच्या दृष्टीने त्यातले बरेच काही हितावह होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ते भाडेकरू नव्या वसाहतींत क्वचितच पोहोचले. ते शेजारच्या गल्लीत शिरले आणि तीही आधीच्या गल्लीइतकीच दाट करून सोडली. वस्तीला विचारल्याविना वस्ती सुधारण्याचा हा पहिला मोठा प्रयोग, आणि त्याचे फळही पुढच्या पुष्कळ प्रयोगांसारखेच होते.

याच सुमारास, म्हणजे १९१४ साली, पॅट्रिक गेडिस नावाचे एक दाढीवाले स्कॉटिश पंडित हिंदुस्थानात आले. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पण झाडाचे जसे मूळ, खोड, पालवी यांचे नाते, तसेच नगराचेही असते या कल्पनेने झपाटलेले. रुंद रस्त्यासाठी सरसकट पाडापाड करणाऱ्या अभियंत्यांवर त्यांचा मनस्वी राग. गल्लीतून पायी हिंडावे, कोणते पडके घर काढले तर चौक मोकळा होईल, कोणता पार राखावा, कोणती विहीर उपसावी, हे पाहावे, आणि शस्त्रवैद्याने जपून चाकू चालवावा तसा बेताने बदल करावा, ही त्यांची पद्धत. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण त्यांची खरी कसोटी लागली ती होळकरांच्या इंदुरात. मराठी दरबार, मराठी कारभारी, आणि प्लेगने हैराण झालेले नगर. गेडिस नकाशे घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागले तेव्हा लोकांनी स्वाभाविकपणेच असा समज करून घेतला, की हा साहेब पाहतो त्या घरावर नांगर फिरणार; बायका दारे लावून घेत, पुरुष शिव्या देत.

तेव्हा त्यांनी महाराजांकडे एक चमत्कारिक मागणी केली: मला एक दिवसाचा राजा करा. दरबाराने मान्यता दिली, आणि दवंडी पिटली गेली की या दिवाळीला निघणारी मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या रस्त्यावरील सर्वाधिक घरे झाडून, लिंपून, दुरुस्त करून तयार असतील त्या रस्त्याने जाईल. मग काय विचारता! प्रत्येक आळीला मिरवणूक आपल्या दारावरून हवी. गाड्याच्या गाड्या भरून केरकचरा नगराबाहेर गेला, भिंतींना चुना लागला. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांच्या मागून रोगराईची भुते होती, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता. आणि त्यांच्या पाठोपाठ, ज्यांच्याकडे एरवी कोणी पाहत नसे, ते नगरातले झाडूवाले शुभ्र पोशाखात, गळ्यात हार घालून, नवे झाडू खांद्यावर टाकून चालत होते. शेवटी नव्या नगराची चित्रे आणि नमुने होते, म्हणजे तुमचे घर कोठे राहील आणि बाग कोठे होईल, हे ज्याचे त्याने डोळ्यांनी पाहावे. राक्षस जाळला गेला, तुळशीची रोपे वाटली गेली. दुसऱ्या दिवसापासून तेच लोक गेडिसना हाक मारून आपली गल्ली दाखवू लागले. १९१८ साली त्यांनी दरबाराला सादर केलेला दोन खंडांचा अहवाल नगररचनेच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो. त्यातली कितीशी कामे प्रत्यक्षात आली हा प्रश्न निराळा. परंतु नकाशा लोकांपुढे न्यायचा तर तो कचेरीच्या भिंतीवर न लावता मिरवणुकीत न्यावा, ही कल्पना ज्या सरकारी मनुष्याला सुचली असा हा माझ्या माहितीतला बहुधा एकमेव इसम.

कायद्याने मात्र निराळी वाट धरली. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. त्यातली नगररचना परियोजना ही कल्पना मोठी चतुर होती: एका भागातल्या सर्व जमीनधारकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदाने काढून घ्यायची, आणि प्रत्येकाला आखीव असा अंतिम भूखंड परत द्यायचा. पुण्यात भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, या रीतीने आखले गेले. लवाद प्रत्येक मालकाला बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेई. येथे सहभाग होता, पण तो मालकाचा. कुळाला, भाडेकरूला, टोपली घेऊन रस्त्यावर बसणारीला लवादापुढे उभे राहण्याचे काही कारणच नव्हते. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण नगराची विकास योजना करणे बंधनकारक केले, आणि त्याची जागा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने घेतली, जो जानेवारी १९६७ पासून लागू झाला आणि आजतागायत आपल्या सर्वांच्या घराखालच्या जमिनीचे भवितव्य ठरवीत आहे.

या अधिनियमाचा क्रम असा. प्रथम योजना करण्याचा इरादा जाहीर होतो. मग जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा होतो. त्यावरून प्रारूप योजना तयार होते. हा भाग शाळेला, हा बागेला, हा बाजाराला, येथून अमुक मीटर रुंदीचा रस्ता. ती प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत जनतेने हरकती व सूचना द्याव्यात. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती बसते, तीत स्थानिक संस्थेचे ३ सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ. नंतर योजना शासनाकडे जाते आणि शासन ती बदलून वा न बदलता मंजूर करते. क्रम पाहिला की ध्यानात येते, माणसे आता निर्णयानंतर जमतात. नकाशा आधी, पांढरी मागाहून. आणि पांढरीला बोलण्याची परवानगी आहे ती हरकतीच्या रूपाने. हा शब्दही मौजेचा आहे. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, गती. हिंदीत ती झाली कृती, बहुधा वाईट. गवयाच्या गळ्यात ती झाली सुरांची नाजूक वळणदार जागा. आणि आपल्या मराठी कचेरीत आल्यावर तिचा अर्थ झाला अडथळा. गतीला अडथळा म्हणणारी कचेरी लोकांचे म्हणणे कोणत्या कानाने ऐकत असेल, याचा अंदाज या एका शब्दावरून यावा.

तरीही लोकांनी या अरुंद दारातून आत शिरण्याचा सपाटा लावला. गोव्यात २००६ साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखड्याने डोंगर आणि शेते वस्तीसाठी खुली केल्याचे लक्षात येताच गोवा बचाव अभियान उभे राहिले, पणजीचे आझाद मैदान माणसांनी भरले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुविशारदाला घेऊन नवा आराखडा करताना गावोगावच्या लोकांपुढे गावाचे नकाशे ठेवले गेले, हा त्या आंदोलनाचा खरा लाभ. तो आराखडाही पुढे २०१२ मध्ये स्थगित झाला, हे त्याचे दुर्दैव. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप योजनेवर २०१३ साली सुमारे ८७,००० हरकती आल्या. मग ती योजना शासनाने महापालिकेकडून काढून आपल्या हाती घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केली. मुंबईची २०१५ ची योजना इतकी चुकीची निघाली, की दोन-तीन महिन्यांतच मुख्यमंत्र्यांनी ती गुंडाळायला लावली. आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारूपावर ६७,००० हून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये ते प्रारूपच रद्द ठरले. या मोठाल्या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. त्यातल्या पुष्कळशा हरकती एकाच मजकुराच्या छापील प्रती असतात, आणि बहुतेकांचा आशय एकच: माझ्या गटावरचे आरक्षण उठवा. त्यात गैर काही नाही. मात्र आपल्या गटावरची बाग उठवून ती कोणाच्या गटावर जावी, याविषयी हरकतदार मौन पाळतो. आणि हा प्रश्न सर्वांनी मिळून बसून सोडविण्याची जागाच कायद्यात ठेवलेली नसल्याने ते मौन स्वाभाविकही आहे.

आता मंचरकडे वळू. ब्रिटिश अमदानीत आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेटा होता आणि मंचर त्यातले बाजाराचे गाव. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला स्थान दिले, १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचा आधार दिला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा भरण्याची रीत महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. कोरम भरत नाही, रजिस्टरावर सह्या घरोघर हिंडून घेतल्या जातात, सरपंचाचा गट एकीकडे आणि विरोधी गट दुसरीकडे असा गोंधळ होतो, हे सगळे खरे. तरीही या राज्यातल्या कोणत्याही प्रौढ माणसाला, निवडून न येता, जमाखर्च विचारण्याचा आणि गायरानाचे काय केले म्हणून उठून उभे राहण्याचा हक्क जेथे मिळतो, अशी ती एकमेव सभा आहे.

गावची लोकसंख्या वाढली, शेतीखेरीज इतर रोजगार वाढला, की १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील ३४१-अ हे कलम लागू होते. १० हजारांहून अधिक आणि २५ हजारांहून कमी वस्तीचे, गाव आणि शहर यांच्या मधले असे जे क्षेत्र, त्याची नगरपंचायत होते. मंचरची झाली. मुख्याधिकारी आले, ग्रामपंचायत विसर्जित झाल्यापासून निवडणूक होईपर्यंत प्रशासकाचा कारभार आला, आणि २०२५ च्या अखेरीस नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. रस्ते, दिवे, पाणी, घनकचरा यांसाठी अधिक निधी येईल, अधिक तज्ज्ञ माणसे येतील, हा लाभ उघड आहे आणि तो कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या दिवशी नगरपंचायत झाली, त्या दिवशी ग्रामसभा संपली. तिच्या जागी काय आले? ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या त्या ३ लाखांवरच्या शहरांना. केंद्राच्या निधीची अट पुरी करण्यासाठी महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली खरी, पण नागरिकांनी प्रत्यक्षात ती भरलेली कितीशी पाहिली? नगर मोठे होते तसा नागरिकाचा आवाज लहान होतो, असा हा विपरीत त्रैराशिकाचा हिशेब आहे.

आंबेगाव तालुक्याला मात्र या बाबतीत दोन निराळे धडे ठाऊक आहेत, आणि दोन्ही पश्चिमेच्या डोंगरातले. घोड नदीवर डिंभे धरण झाले, कुकडी प्रकल्पाचे पाणी पूर्वेच्या तहानलेल्या मुलखाला मिळाले, मंचरच्या बाजारात ऊस आणि भाजीपाला वाढला. आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला दिले होते ते आंबेगाव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. काळी आणि पांढरी दोन्ही एकाच वेळी गेल्याचे हे उदाहरण, आणि कौल कोणी दिला होता हा प्रश्न तेथे विचारण्याचीही सोय नव्हती.

दुसरे गाव माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, संततधार पावसात, डोंगराची एक बाजू घसरून महादेव कोळी समाजाची ती वस्ती काही क्षणांत गाडली गेली. १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीस आलेल्या एस.टी.च्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला वार्ता कळली. वाचलेल्यांना पत्र्याच्या निवाऱ्यांत ठेवले गेले आणि नवे गाव कोठे वसवावे हा प्रश्न आला. सरकारला घाई होती, आणि घाईत सपाट, सोयीची, दूरची जागा निवडण्याचा मोह नेहमीच होतो. पण हे लोक हिरड्याच्या झाडांवर आणि भाताच्या खाचरांवर जगणारे. त्यांना डोंगराची भीतीही होती आणि डोंगराचा लळाही. अनेक जागांची भूगर्भीय तपासणी झाली, लोकांशी बोलणी झाली, आणि अखेर जवळच आमडे येथील सुमारे ८ एकरांची जागा मुक्रर झाली. घरांच्या रचनेत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे साहाय्य घेतले गेले. शाळा, समाजमंदिर आणि जनावरांचा गोठा यांना नव्या वस्तीत जागा मिळाली. २ एप्रिल २०१७ रोजी ६७ घरांचे नवे माळीण लोकांच्या स्वाधीन झाले. पहिल्याच पावसाळ्यात भराव आणि रस्ते काही ठिकाणी खचले, पुन्हा कामे करावी लागली. तथापि आंबेगाव बुडताना जे झाले नव्हते ते येथे झाले: वस्तीची जागा ठरण्यापूर्वी वस्तीला विचारले गेले. त्यासाठी १५१ जिवांचे मोल पडावे लागले, हे लिहिताना हात जड होतो.

मंचरवर असला प्रसंग आलेला नाही, आणि न येवो. तेथले प्रसंग नित्याचे आहेत. हमरस्त्यावरची कोंडी टाळण्यासाठी गावाबाहेरून वळणरस्ता झाला, आणि गावातल्या दुकानदाराला वाहनांचा त्रास अधिक की गिऱ्हाइकांचा तोटा अधिक, यावर एकमत होणे कठीण. पुणे-नाशिक लोहमार्गाची आखणी झाली, २३५ किलोमीटरांची, जमिनींच्या मोजण्या सुरू झाल्या. मग खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या कामात त्या मार्गामुळे व्यत्यय येईल असे शास्त्रज्ञांनी सांगितले आणि आखणी बदलण्याची भाषा सुरू झाली. शास्त्रज्ञांची हरकत रास्तच होती. त्याच पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी आधी घेतलेल्या हरकतींना इतके वजन का आले नव्हते, याची चर्चा मात्र चहाच्या टपऱ्यांवर अजून चालते.

आणि आता विकास योजना. नगरपंचायत झाली म्हणजे ती करणे कायद्याने बंधनकारक. वाड्या-मळ्यांच्या या मुलखात माणसे जमिनीला नावाने ओळखतात. तांबडेमळा, मोरडेवाडी, शेवाळवाडी अशी नावे घेतली की कोणाचे घर, कोणाची विहीर, कोणता ओढा, सारे डोळ्यांपुढे उभे राहते. नकाशा गट नंबराने ओळखतो. तो भिंतीवर लागेल तेव्हा पहाटेच्या बाजारात कांद्याची गाडी रिकामी करून एखादा शेतकरी कचेरीत जाईल, चष्मा पुसून रंगीत पट्ट्यांत आपला मळा शोधू लागेल, पिवळ्या रंगात घर, हिरव्यात बाग, लाल रेघेत रस्ता असे जवळच्या तरुणाकडून समजून घेईल, आणि ती लाल रेघ आपल्या विहिरीवरून जाते की बांधावरून, हे बोटाने पुन्हा पुन्हा चाचपून पाहील. तेवढ्यात खिडकीमागचा कारकून त्याला विचारील, गट नंबर काय.